डाव्या रांगेची पट्टी

४ जून

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

पत्र रागाने लिहितो आहे, आधीच सांगतो. भाजलेल्या रुग्णांवरचा माझा अभ्यास मी मोठ्या विश्वासाने तुझ्या वॉर्डात दिला. उजव्या रांगेला नवी पट्टी, डावीला जुनी, एवढं साधं काम. निकाल पाहतो तर दोन्ही रांगा सारख्याच बऱ्या! आता इस्पितळाची खरेदी समिती म्हणते, नवीत विशेष काही नाही, मग ही महागडी पट्टी घ्यायचीच कशाला? कुणीतरी घोळ घातला आहे. तुम्हा सिस्टर लोकांना संशोधनाचं वावडं आहे, असं आमचे सर म्हणतात. मलाही ते पटू लागलं आहे.

खरं काय ते कळव. भाऊजींना नमस्कार. या पत्राने लोभ आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा

९ जून

चि. डॉक्टरसाहेबांस, अ. आ.

घोळ मी घातला. जुनी पट्टी जखमेला चिकटते, काढताना कातडी सोबत येते. डावीकडची माणसं ओरडायची आणि नव्या पट्ट्यांचा डबा हाताशीच असायचा. आम्ही सगळ्यांना नवी लावली आणि कागदावर तुला हवं तसं लिहिलं. त्यापायी आता ती कुणालाच मिळणार नाही, हे वाचून माझ्या पायाखालची जमीन सरकली.

पण निकालावरच नव्या पट्टीचं भवितव्य ठरणार, हे आधी सांगायला तुझी जीभ झडली होती का? आलास, खोकी ठेवलीस, प्रश्न विचारू नका म्हणालास, चहासुद्धा न घेता गेलास. आम्ही काय तुझे हमाल? वावडं संशोधनाचं नाही रे, या असल्या वागण्याचं आहे.

समितीला मी सगळं माझ्या नावानिशी कळवलं. मला घरी बसवलंय. अभ्यास नव्याने कर, पण डाव्या रांगेची पट्टी तू स्वतःच्या हाताने बदलायचीस.

जेवणाची हेळसांड करू नकोस. चिडले तरी माया आहेच.

तुझी ताई

२ जुलै

ती. ताईस, शि. सा. न.

तुझ्या वॉर्डातूनच लिहितो आहे, अभ्यास नव्याने सुरू केला. आज डावी रांग मी केली. पहिल्या खाटेवरच्या बाई आपल्या आईच्या वयाच्या. ओरडू नये म्हणून त्यांनी उशी दातांत धरली. पट्टी निघाली. मग पुन्हा तीच चिकटणारी पट्टी लावायची वेळ आली आणि माझा हात चालेना. सिस्टरला हाक मारली, तर ती हात बांधून उभी. तुझाच हुकूम म्हणे. असा संताप आला, तिचा, तुझा आणि सगळ्यात जास्त माझा.

मी नव्या पट्ट्यांचा डबा उघडला. सगळ्या रांगेला नवी लावली आहे. समितीला तसं लिहायला बसतो आहे, माझ्या नावानिशी. शिव्या घालायच्या तितक्या घाल, लोभ तेवढा राहू दे.

तुझा धाकटा