वरची अबोली, खालची अबोली

पूर्णा,
११ मे, रविवार

अबोली,

नावाच्या आधी काय लिहावं ते ठरेना, म्हणून जागा मोकळीच सोडली. मी इकडं खुशाल आहे. तुझी खुशाली विचारायची गरज नाही, तुझ्या मैत्रिणीकडं, योगिनीकडं, लग्नाची पत्रिका पाहिली. छपाई चांगली आहे. तुझ्या पप्पांचं नाव तुझ्या नावापेक्षा मोठं छापलंय, ते बघून हसू आलं.

फोनवर तू मला ब्लॉक केलंस, म्हणून हा कागद. योगिनी आधी पोचवायला नको म्हणली. मग मीच तुमच्या घरी येऊन देतो म्हणल्यावर लगेच तयार झाली. माझ्या डोक्याची तिला ओळख आहे.

फेब्रुवारीत परभणीच्या स्टँडवर उसाचा रस पिताना तू विचारलं होतंस, "गोपी, कमी पगारात राहायचं झालं तर पूर्णा बरी का सेलू? नीट बघून सांग ना." दोन वर्षं माझ्या मागं गाडीवर बसलेली पोरगी असं विचारते, तेव्हा माणूस काय समजंल? मी तेच समजलो. कॉलेज सोडलं. ताडकळसला घरी सांगितलं, नापासच होणार होतो. दादांनी चप्पल फेकून मारली, मायनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. मी मोटारसायकलवर पार्सल पोचवायचं काम धरलं, पार देवगाव फाट्यापर्यंत जायचो. काम कमी आणि तुझी गावं बघणं जास्त. तुला फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगितलंच होतं. आज एकदाचं सगळं लिहून हिशेब बंद करतो.

पूर्णा आधी. रेल्वेचं गाव. कुठं बी जायला गाडी आहे. भाजी स्वस्त, खोल्या स्वस्त, माणसं ड्युटीवर जाणारी, कुणी कुणाच्या दारात डोकावत नाही. रात्रभर इंजिनं शिट्ट्या मारतात. तुला गाडीचा आवाज आवडतो म्हणली होतीस, म्हणून ते मी चांगल्यात धरलं. स्टेशनामागं एक खोली पाहिली. मालकानं दारातच विचारलं, "फॅमिली हाय का?" म्हणलं, अजून नाही. "आडनाव?" सांगितलं. त्यानं परत विचारलं, जणू दुसऱ्या खेपेला वेगळं निघंल. मग म्हणला, "खोली तर कालच गेली की." आणि भाड्यानं देणे आहे ही पाटी त्याच्या डोक्यावर लटकायली होती. मी पाटी उपटली, त्याच्या हातात दिली. म्हणलं, मग ही कशाला उन्हात वाळवायलात? शेजारी मधी पडले म्हणून तेवढ्यावर निभावलं.

तिथं मी लबाडी शिकलो. सेलूला गेलो तेव्हा कुणी विचारायच्या आत सांगून टाकलं, लग्न झालंय.

सेलू तुला जास्त शोभतं, हे मी तेव्हाच म्हणलो होतो. शाळा चांगल्या, वाचायला लायब्ररी, संध्याकाळी कुठं ना कुठं गाणं नाहीतर व्याख्यान. नळाची बोंब आहे, पण मालकीण सरजाबाईच्या घरी आड आहे. मी फोनवर सांगितलं होतं बघ. कापसाच्या जिनिंगच्या मागं निळं फाटक, दारात शेवगा, खाली एक खोली अन् वर एक, आणि आडाचं पाणी असं गोड की चहाला साखर कमी लागते. तू हसलीस. म्हणलीस, "अजून सांग."

मी सांगत गेलो, गाढवासारखा.

एक सांगितलं नव्हतं. सरजाबाईनं विचारलं, "बायकूचं नाव काय?" माझ्या तोंडून निघून गेलं, अबोली. "गोरी का सावळी?" सावळी. "मंग जांभळा खुलंल," म्हणली, आणि पेटीतनं खण काढून माझ्या हातावर ठेवला. "आधीच शिवून ठेव म्हणावं. पहिल्यांदा उंबरा वलांडंल तवा आंगावर नवं पायजे. वटी मी भरीन." असं कुणी म्हणलं की आपण खोटं बोललोय हे माणूस विसरूनच जातो. मी खालची खोली तिथल्या तिथं घेतली. तुला एकदम नेऊन दाखवायची होती.

त्यानंतर तू फोन कमी केलेस. परीक्षा आहे म्हणलीस. मी म्हणलं, होऊ दे.

मागच्या महिन्यात मी खोलीच्या दाराला रंग द्यायलो होतो. फाटक वाजलं. इस्त्रीच्या शर्टातला एक जण आत आला, हातात पेढ्यांचा पुडा. सरजाबाईला म्हणाला, "मी वरद. बँकेत नवीन लागलोय. पोस्टिंग पूर्णा का सेलू, असं विचारलं होतं आम्हाला. होणाऱ्या मिसेसनंच सेलू सुचवलं. घरसुद्धा तिनंच सांगितलं, निळं फाटक, शेवगा. म्हणाली, पाणी असं आहे की चहाला साखर कमी लागते."

ब्रश माझ्या हातात तसाच राहिला. रंग मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला.

"नाव काय म्हणायचं सूनबाईचं?" सरजाबाईनं विचारलं.

"अबोली."

"आगं माय! ह्या गोपीच्या बायकूचं बी नाव अबोलीच हाय की! आता हाक मारली तर वव कोण देणार? वरली अबोली अन् खालली अबोली म्हणावं लागंल!"

वरद माझ्याकडं आला. माझा हात रंगानं भरलेला, तरी त्यानं मिळवला. "वा! वहिनींना सांगून ठेवा, आमची जरा लाजरी आहे. तिला तेवढीच सोबत होईल."

मारायला पाहिजे होतं. मला वेळ लागत नाही, तुला माहीत आहे. मारायची बी गरज नव्हती. फोनमधले आपले फोटो नुसते पुढं केले असते तर पत्रिका छापायच्या आधीच सगळं मिटलं असतं. मी खिशात हात घातला होता, अबोली. तेवढ्यात तो रुमालानं रंग पुसत सरजाबाईला विचारायला लागला, "गॅलरीत तुळशीची कुंडी ठेवली तर चालेल ना? तिला सवय आहे पाणी घालायची."

तुझ्या तुळशीचं तू मला दोन वर्षांत कधी सांगितलं नाहीस.

हात खिशातच राहिला.

एक विचारतो. उत्तर नको. फेब्रुवारीत रस पिताना तो तुला बघून गेलेला होता का? त्याच्यासाठी मला गावं हिंडवलीस, का माझ्यासाठी विचारलंस आणि नंतर ते सगळं त्याला देऊन टाकलंस? पहिलं असंल तर तू लबाड, विषय संपला. दुसरं असंल तर मला झोप येणार नाही. म्हणून मी पहिलंच खरं धरून चाललोय.

खोली सोडली. सरजाबाईनं कारण विचारलं. म्हणलं, बायकोला पूर्णा पसंत पडली. लय भडकली. "घर न बघताच? आशी कशी रं तुझी बायकू?" म्हणलं, अशीच आहे. खण वापस द्यायला गेलो तर हात मागं घेतला. "दिलेला खण वापस घेत न्हाईत. जिचा हाय तिला दे."

जिचा आहे तिला द्यायलोय. पत्रासोबत आहे. शिव नाहीतर शिवू नको, पण सेलूत घालू नको, सरजाबाई कापड ओळखील. खालच्या दाराचा रंग अर्धाच राहिलाय, जिना चढताना दिसंल. कुणी दिला म्हणून विचारू नको.

मी आता पूर्णेत. एकट्याला इथं कुणी खोली देत नाही, पार्सलवाल्या बन्सीधरच्या गोदामात खोक्यांमधी झोपतो. शिट्ट्या चालू असतात रात्रभर. तुला आवडल्या असत्या असं लिहिणार होतो. पण तुला काय आवडतं ते आता वरदला विचारावं लागंल.

तुझी ओटी भरताना सरजाबाई खालच्या अबोलीचं गाऱ्हाणं सांगंल, घर न बघताच नको म्हणली म्हणून. तू विचारात पडू नको. सांग, मी तिला ओळखत नाही. तेवढं तरी खरं बोलशील.

खालच्या अबोलीचा नवरा,
गोपीचंद