आजोबांचा निरोप समारंभ

३ जानेवारी
मोठ्या कामाची नोंद राहिलेली बरी, म्हणून ही रोजनिशी. बस डेपोत कुठल्या ड्रायव्हरला कुठली बस, कुठली पाळी हे ठरवणारा जुना कॉम्प्युटर प्रोग्रॅम नव्या सिस्टिमवर न्यायचाय. तो चालतो कोपऱ्यातल्या एका जुनाट मशीनवर. पंखा खोकतो, म्हणून सगळे त्याला आजोबा म्हणतात. साहेब म्हणाले, आजोबा बंद करा आणि बदली घेऊन घरी जा. बायको-मुलगी तिकडे, मी इकडे भाड्याच्या खोलीत. मार्चअखेर काम फत्ते!

४ जानेवारी
बायकोला फोन. तिने लगेच कपाटाचा अर्धा भाग माझ्यासाठी रिकामा केला. मुलगी म्हणाली, बाबा, नक्की ना? पोरीला बापावर विश्वास म्हणून नाही.

१९ जानेवारी
जुना कोड उघडला. लिहिणारा कधीच रिटायर झालाय. एके ठिकाणी नुसतं लिहिलंय, 'याला हात लावू नये.' लावला नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

८ फेब्रुवारी
कोड वाचून डोकं गरगरतं. त्यापेक्षा आधी नवा स्क्रीन करावा. निळा की हिरवा, यात आठवडा गेला. घाई कामाची नाही.

२ मार्च
उद्या साहेबांना डेमो. पाळ्या ठरवण्याचा भाग अजून लिहायचाय. तात्पुरती सोय केली. नवा स्क्रीन गुपचूप आजोबांना विचारतो आणि त्यांचं उत्तर स्वतःचं म्हणून दाखवतो. फक्त डेमोपुरतं. परवा काढून टाकणार.

३ मार्च
डेमो झकास! साहेब बेहद्द खूश.

२४ मार्च
प्रोग्रॅम तपासणाऱ्या टेस्टर बाईंनी जुनी आणि नवी उत्तरं शेजारी ठेवून ताडली. एकूण एक जुळली! बाई म्हणाल्या, अहो, इतकं जुळतंय की मला भीतीच वाटते. मी म्हटलं, कामात जीव ओतला की जुळतं. बाईंचा स्वभावच संशयी.
काहीतरी काढायचं राहिलंय असं सारखं वाटतंय. आठवत नाही.

३१ मार्च, सकाळ
निरोप समारंभ. साहेबांनी भाषण केलं आणि स्वतःच्या हाताने आजोबांचा प्लग काढला. नवा स्क्रीन कोरा.

दुपार
आठवलं.
डेपोत नुसता गोंधळ. एका बसमध्ये तीन ड्रायव्हर चढून बसलेले, बाकीच्या बसेस तशाच उभ्या. टेस्टर बाईंनी प्लगकडे बोट दाखवलं. प्लग परत लावला. आजोबा खोकले, स्क्रीन भरला.

६ एप्रिल
साहेबांनी बोलावलं. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, चालतंय ना, मग आता काही बदलू नका. पण आजोबा आणि नवा स्क्रीन, दोघांनाही सांभाळणारा तुमच्याशिवाय दुसरा आहे कोण? बदलीचा अर्ज माझ्याच हातात परत दिला. मी थँक यू म्हणून बाहेर आलो. का म्हणालो, देव जाणे. खोलीवर येऊन रडलो.

९ एप्रिल
बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, जेवलास का?
उद्यापासून कोड पुन्हा पहिल्यापासून वाचायचा. यावेळी गंभीरपणे. आज आजोबांचा पंखा पुसला.
शेवटी फोन मुलीने घेतला. कपाटातल्या माझ्या अर्ध्या भागात आईने पांघरुणं ठेवलीत म्हणे. तात्पुरती.
तात्पुरतं किती टिकतं, ते मला ठाऊक आहे.