साखळीबाहेर

कुकरची दुसरी शिट्टी झाली, सर, आणि तुमच्या सूनबाई फोनवर म्हणत होत्या, "ताई, उद्या कॉलेजात आप्पांचा फोटो लावायचाय. तुमी बोलायचंच. आप्पा येईल त्याला तुमचंच सांगायचे, माझी पोरगी रांजणगावात प्लास्टिक करती म्हणून." मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. तुम्हाला, त्यांच्या आप्पांना, जाऊन इतकी वर्षं झाली. काय बोलायचं, ते इथे लिहून बघते.

शिरूरच्या कॉलेजचं मैदान. नायलॉन शिकवायला तुम्ही आम्हाला समोरासमोर दोन ओळींत उभं केलंय. सारखं अंतर ठेवायचं, दर तिसऱ्याने हात पुढे करायचा. ओळ म्हणजे रेणूची साखळी, हात म्हणजे तिच्यावरचा, समोरच्या साखळीला धरणारा अणूंचा गट. हाताला हात बरोबर भेटतो. "ओढा आता," तुम्ही म्हणता, आणि ओळी सुटत नाहीत. अंतर सारखं म्हणून साखळ्या खेटून बसतात, म्हणून नायलॉन घट्ट. मग दोन्ही ओळींनी एकाच दिशेला एक पाऊल टाकायचं. माझा डावा पाय आखूड. मी मागे राहिले, आणि माझ्यापासून अंतर धरणाऱ्या पुढच्या सगळ्यांचेच हात हुकले.

"तू भाईर थांब गं. तुझ्यापायी साखळी बिघडती," तुम्ही म्हणालात.

"सर, तिला वितळवून परत ओता की!" मागून एक जण ओरडला. सगळे हसले. तुम्हीही हसलात. तास संपेपर्यंत मी लिंबाखाली उभी होते. तिथून सगळं नीट दिसत होतं, हेच वाईट.

तुम्ही अर्धंच शिकवलंत, सर. मी कारखान्यात करते ती नायलॉनची फिल्म, वेष्टनाचा पातळ कागद, नुसत्या सारख्या अंतराच्या साखळ्यांची केली तर कडक होते, धुरकट दिसते. म्हणून आम्ही साखळी घडतानाच मुद्दाम दुसरा कच्चा माल मिसळून गटांमधलं अंतर मोडतो. साखळ्या खेटत नाहीत. फिल्म मऊ होते, काचेसारखी स्वच्छ, आणि ताण सोसते. हे तुम्हाला ठाऊक होतं. मला परत ओळीत घेऊन तेवढं सांगायला कितीसा वेळ लागला असता? मैदानात तुम्ही मला बिघाड म्हणून दाखवलंत आणि घरी पोरगी म्हणून मिरवलंत.

हे फोटोसमोर बोलता येणार नाही. दुसरं काही माझ्याकडे नाही. एवढं मात्र खरं, की फोन ठेवल्यावर मी निळी साडी इस्त्री करून ठेवली.

सकाळी कारेगावच्या फाट्यावर शिरूरला जाणारी एसटी आली, थांबली, गेली. मी कंपनीच्या बसमध्ये चढले.