माझा पाय तुझ्या नावावर

प्रिय ताई,

तू औषधं आणायला गेलीस, तेवढ्यात हे लिहायला बसलेय. समोरासमोर बोलायला गेले की तू विषय बदलतेस, नाहीतर माझी उशी सारखी करत बसतेस. कागदाला तरी तसं करता येणार नाही.

तीन वर्षं आपण एकाच नावावर पार्सलं वाटली. कंपनीने नवी माणसं घेणं बंद केलं होतं, म्हणून सकाळी हजेरीला फोनसमोर चेहरा दाखवायचा तू, दुपारपर्यंत फिरायचं तू, आणि मग स्कूटर न् फोन माझ्या हातात. गिऱ्हाइकं मला तुझ्या नावाने हाक मारायची. गोदामातला मुकादम तर विचारायचा, ही बाई जेवते तरी कधी? पोट धरून हसलो होतो आपण. कंपनीला चांगली शेंडी लावली असं वाटायचं तेव्हा.

मग त्या उतारावर ट्रकने मला उडवलं. दवाखान्यात खिडकीवरच्या बाईंनी नाव विचारलं आणि मी तुझं सांगून बसले. विमा तुझ्या नावावर होता. माझ्या नावावर काय होतं, डोंबल! सळई माझ्या पायात बसली, कागदावर मात्र तुझ्या. दुसऱ्याच दिवशी कंपनीने तुझं काम थांबवलं, जखमी बाईला स्कूटर कशी देणार? तू धडधाकट असून घरी बसलीस, लोकांचे कपडे इस्त्री करायला लागलीस, आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं गं.

हाड नीट जुळलं नाही, दुसरं ऑपरेशन लागेल, असं डॉक्टर म्हणाले. परवा स्वयंपाकघरात तू एक पाय ओढत चालत होतीस. मी दारातून पाहिलं. आधी हसू आलं, वाटलं, माझी नक्कल करतेस. मग कळलं की तू लंगडायचा सराव करतेयस, आणि मी तशीच मागे फिरले.

काल गादीखाली विम्याचा फॉर्म सापडला. ऑपरेशन मंजूर व्हायचं तर जखमी बाई यापुढे कायमची कामाला अपात्र आहे असं लिहून द्यायचंय. खाली तुझी सही आहे, तारीख आजची टाकलीयस, म्हणजे आजच नेऊन देणार होतीस. ताई, अजून चाळिशी गाठली नाहीस तू, आणि माझ्यासाठी चालत्या पायांनी अपंग व्हायला निघालीस? मला नाही हे झेपायचं. फॉर्म घेऊन, कुबडी टेकत मी विमा कार्यालयात चाललेय. खोटं मी बोलले, त्याचं काय व्हायचं ते मला होऊ दे. ऑपरेशन राहील कदाचित. तुझं कंपनीतलं खातंही बंद करतील, त्याची मला फार भीती वाटते. पण उद्या दुसरीकडे काम मागायला गेलीस तर तू धडधाकट असशील, कागदावरसुद्धा. माझ्यामागे धावत येऊ नकोस. तिथल्या माणसाने नाव विचारलं की मी माझं सांगणार आहे.

तुझीच,
धाकटी