राजाचा पाय दुरुस्त करू नये

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, धंदा कळसूत्री बाहुल्यांचा खेळ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाचंही दडपण नसताना लिहीत आहे. डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिला आहे. धाकट्या दिरांना माझ्या शुद्धीबद्दल लग्नापासून शंका आहे. त्यांनी तो दोनदा वाचावा.

१. राहतं घर धाकट्या दिरांना. हे गेल्यानंतर त्यांनी मला कधी एकटं पडू दिलं नाही. मात्र मागच्या खोलीतली उंच फळी काढू नये. तिच्यावर उभं राहून मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, जन्मभर बाहुल्या नाचवल्या. बायका त्या फळीवर चढत नसत. हात थरथरू लागले तेव्हा मामंजींनी मुलांना नाही, मला हाक मारली. "सूनबाई, वर या. दोरे तुम्ही धरा, आवाज मी देतो." असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

२. रंधा, कानशी वगैरे हत्यारं शेजारच्या सुतारांना. आमची पटाशी त्यांच्याकडे आधीच आहे. ती त्यांचीच, असं ते इतकी वर्षं म्हणत आले. आता खरोखरच त्यांची झाली.

३. बँकेतली शिल्लक दिरांच्या मुलीला, म्हणजे माझ्या पुतणीला, पडद्याच्या कापडासाठी आणि गाडीभाड्यासाठी. "लग्नाला ठेव" असं तिला कुणी सांगू नये.

४. मामंजींच्या आवाजाच्या कॅसेट, जुना पडदा आणि सगळे फोटो संग्रहालयाला. तिथले साहेब सज्जन आहेत. त्यांनी बाहुल्यांची पेटीही मागितली होती. काचेचं कपाट, ना ओल ना वाळवी, खाली मामंजींच्या नावाची पाटी. दीर लगेच हो म्हणाले. "वहिनी, जपलं जाईल हो सगळं!" मीही मान डोलावणारच होते. तेवढ्यात साहेब म्हणाले, "राजाचा डावा पाय आखडलाय. तेवढा दुरुस्त करून घेऊ."

त्या पायाची हकिगत इथे नोंदवते. भर खेळात राजाच्या गुडघ्याचा दोरा तुटला. मामंजींनी गाठ मारली, दोरा आखूड झाला, राजा लंगडू लागला. दुसऱ्या कुणी पडदा पाडला असता. मामंजी वरून ओरडले, "प्रधानजी, सिंहासन केवढं उंच केलंत! उतरताना पाय मुरगळला की आमचा!" लोक हसून हसून बेजार. तेव्हापासून आमचा राजा लंगडतो. त्याचं बघून आसपासच्या सगळ्या खेळकऱ्यांनी आपापले राजे लंगडे केले. आता सरळ चालणारा राजा आला तर म्हातारी माणसं विचारतात, "हा तोतया कुठून आणलात?"

५. म्हणून पेटी पुतणीला. तिने मागच्या खेळात प्रधानाच्या हातात मोबाइल दिला. राजा दरबारात आला तरी प्रधान मान वर करीना. "परंपरेची पार वाट लावलीस," दीर म्हणाले. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही सर्वांत मोठ्याने हसत होतात!" मामंजींचं रक्त म्हणतात ते हे. बाहुल्या वापरून झिजल्या, मोडल्या, तरी चालेल. नव्या कराव्यात. राजाचा पाय मात्र कुणी सरळ करू नये.

६. पेटी घरात शोधू नये. माझ्या सांगण्यावरून पुतणीने ती काल नेली. उद्या तिला कुणी चोर म्हणू नये, म्हणून हे कलम. आज तिचा पहिला स्वतंत्र खेळ आहे. फळीवरून मला बाहुल्यांची फक्त डोकी दिसत आली. तोंडं बघणाऱ्यांकडे असतात. आज मी खाली, पहिल्या रांगेत बसणार आहे. तेव्हा साक्षीदारांनी वाचत न बसता चटकन सह्या कराव्यात.

स्थळ: माझ्या घरची मागची खोली
दिनांक: नऊ जानेवारी, दुपार

सही: लिहून देणार, बाहुलीवाल्या काकू

साक्षीदार:
१. शेजारचे सुतार (सही. पटाशी माझीच होती.)
२. डॉक्टरीणबाई (सही. मीही खेळाला येते आहे.)