तोरणातली हिरवी लड

आई,

परवा तुझ्या नातीचं लग्न आहे. तू तिला पाहिलं नाहीस. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात तू गेलीस. तिला आसनगावच्या आमच्या घराच्या दाराला तुझ्या हातचं बांगड्यांचं तोरण लावायचं होतं, आणि मला त्यातली मधली हिरवी लड नको होती. एवढीच गोष्ट आहे. ती लड कशाची आहे हे या घरात माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही, त्यामुळे हे सांगायलाही तुझ्याशिवाय कुणी नाही.

गावचं आपलं स्वैपाकघर आता मला सगळं आठवत नाही. फळी कुठल्या भिंतीला होती, तेही सांगता येणार नाही. पण चुलीशेजारची तुझी जागा दिसते. दुपारची भांडी झालेली आहेत, तू भरदिवसा चिमणी पेटवून बसली आहेस, आणि समोर फुटक्या बांगड्यांचा डबा आहे. आळीतल्या बायका तुझ्यासाठी तुकडे जपून ठेवत. हापशीवर वाढलेली, लावणीत वाढलेली, नवऱ्याशी भांडताना दाराच्या कडीवर आपटून वाढलेली, अशी प्रत्येक बांगडी तिच्या कहाणीसकट तुझ्याकडे यायची आणि तू कहाणी ऐकताना हसू दाबायचीस. मग अर्ध्या बांगडीची दोन्ही टोकं चिमटीत धरून मधला भाग ज्योतीवर फिरवायचीस. काच आधी काळी पडते, मग लाल होते, आणि मग अचानक ऐकायला लागते. तेवढ्यात ती आधीच्या कडीतून ओवून टोकाला टोक चिकटवायचं आणि कडी चुलीच्या कोमट राखेत निवायला ठेवायची. मी एकदा घाईने माझी कडी सारवलेल्या ओल्या जमिनीवर ठेवली. टच् असा आवाज झाला आणि तिचे दोन भाग झाले. तू म्हणालीस, "घाई केलीस की काच रागावते, गो. राखंत निवू दे तिला."

काड्यापेट्यांचे पोपट, चॉकलेटच्या चांदीची फुलं, सिमेंटच्या गोणीचे दोरे काढून विणलेली शिंकी. घरात पाहुणा आला की आधी वर बघायचा. आता मी शहापूरजवळच्या शाळेत शिकवते आणि कार्यानुभवाच्या तासाला फळ्यावर 'टाकाऊतून टिकाऊ' असं लिहिते. मुलं बाटल्या, जुन्या पत्रिका, आइस्क्रीमच्या काड्या आणतात. तू त्या शब्दांना हसली असतीस. तुझ्या लेखी टाकाऊ असं काही नव्हतंच.

बाबा कल्याणच्या दवाखान्यात होते तेव्हाही तुझे हात थांबले नाहीत. सलाइनच्या रिकाम्या नळ्या तू नर्सकडून मागून घ्यायचीस आणि त्यांच्या खाटेपाशी बसून मासे विणायचीस. बाबा म्हणायचे, अगं, इथून जाताना लोक औषधं नेतात, तू बाजार घेऊन चाललीस. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यालाही तू एक मासा दिलास. त्याने तो सलाइनच्या खांबालाच टांगला होता. आपण बाबांना घेऊन परत आलो तेव्हा तुझ्या पिशवीत तसले कितीतरी मासे होते. बाबा मात्र जीपमध्ये आडवे होते, चादरीत.

त्या दिवशीचं मला तुकड्यातुकड्यांनी दिसतं. बायका तुला विहिरीमागे नेतात. मी आत्याचा पदर धरून मागे जाते, आणि मला कुणी अडवत नाही, कारण त्या वेळी मी कुणाला दिसतच नाही. धुण्याच्या दगडावर तुझा हात ठेवतात. हिरव्या बांगड्या, दिवाळीला बाबांनी मुरबाडच्या बाजारातून आणलेल्या. दगडाने दगडावर मारल्यावर काचेचा आवाज फार लहान येतो, आई. एवढ्या मोठ्या गोष्टीला एवढासा आवाज. मग बायका पाण्याकडे वळल्या आणि तू खाली बसून तुकडे वेचायला लागलीस. शेजारची काकू म्हणाली, राहू दे गो, ते तिथंच टाकायचं असतं. तू वेचतच राहिलीस. सगळे तुकडे ओच्यात घेतलेस आणि घरी येईपर्यंत ओचा घट्ट धरून चाललीस.

त्यांची लड तू कधी केलीस ते मी पाहिलं नाही. वर्षश्राद्धानंतर एक दिवस शाळेतून आले तर तोरणाच्या मधोमध ती होती. बाकीच्या लडी एकसारख्या कड्यांच्या, रंगीबेरंगी. ही नुसती हिरवी, आणि हिच्या कड्या लहानमोठ्या, वेड्यावाकड्या, कारण तुकडेच तसे झाले होते. आत्या आली तेव्हा चप्पल काढता काढता तिचं लक्ष गेलं. आत न येता तिने ओटीवरूनच विचारलं, "वयनी, ह्या कुठल्या बांगड्या दाराला बांधल्यास? लोकांच्या लेकीसुना येतात-जातात ह्या दारातून."

तू सुपातले तांदूळ पाखडत होतीस. पाखडणं थांबवलं नाहीस. "तुमच्या भावानं आणलेल्या हायत. तुमीच सांगा, फेकू कुठं?"

आत्या चहा न घेता गेली. त्यानंतर आळीतल्या बायका यायच्या त्या मागच्या दाराने, परसातून, आणि आल्यावर काहीतरी कारण सांगायच्या. उन्हाचं, चिखलाचं, पायात काटा गेल्याचं. तुकड्यांचे डबे यायचे बंद झाले. वर्गातल्या एका मुलीने मला सांगितलं की तिच्या आईने आमच्या दारातून जायचं नाही म्हणून बजावलंय. मी घरी येऊन तुला म्हटलं, ती लड काढ. तू मला जवळ घेशील असं मला वाटलं होतं. तू माझ्याकडे नीट बघितलंस आणि म्हणालीस, "लाज वाटती तर तूही मागल्या दारानं ये. पुढलं दार असंच राहील." मी काही दिवस खरंच मागच्या दाराने आले-गेले. ताट मात्र रोज पुढच्या दाराशी, ओटीवर मांडायचीस.

माझ्या लग्नात तू ते तोरण स्वतःच उतरवलंस. मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. पाठवणीच्या वेळी डालड्याच्या रिकाम्या डब्यात, तुझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळून, माझ्या हातात दिलंस. बांध किंवा नको बांधू, तुझं तू बघ, असं म्हणालीस. मी नाही बांधलं. डबा माळ्यावर राहिला. तू गेल्यावरही राहिला.

तो खाली काढला तुझ्या जावयाने. आसनगावला हे घर घेतलं तेव्हा सामान लावताना त्यांना तो सापडला, आणि ते इतके खूश झाले की त्याच दिवशी खिळे आणून तोरण दाराला लावलं. मी म्हटलं, जुनं आहे, फुटेल. ते म्हणाले, फुटेल तेव्हा फुटेल. सांगायला माझं तोंड उघडलं नाही. रोज सकाळी त्याच्याखालून ते स्टेशनला जायचे, रोज संध्याकाळी त्याच्याखालून यायचे, उंच असल्यामुळे मधली लड त्यांच्या केसांना लागायची आणि किणकिणायची, आणि मी आतून ओळखायचे की आले. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ती किणकिणली नाही. कामावरच छातीत दुखलं, त्यांच्या सोबतचे म्हणाले.

आई, तेव्हा तोरणाबद्दल कुणीच काही बोललं नाही. बोलणार कोण, माहीतच नव्हतं कुणाला. तुला आत्या होती, आळी होती, त्यांना तू उत्तर देऊ शकलीस. माझ्याकडे, हे त्या लडीमुळेच झालं असं म्हणणारी मी एकटीच होते, आणि मला उत्तर द्यायला कुणी नव्हतं. पालकसभेत मी बायकांना सांगते की बांगड्या फोडू नका, कुंकू पुसू नका. स्वतःच्या बांगड्या मी कुणाला फोडू दिल्या नाहीत. साबण लावून एकेक उतरवल्या आणि अख्ख्या कपाटात ठेवल्या. नणंद रडत होती, तिलाही मीच समजावलं. आणि तेराव्या दिवशी, पाहुणे गेल्यावर, स्टुलावर चढून तोरण उतरवलं आणि परत डब्यात घातलं.

लेकीने परवा डबा काढला. तोरण पहिल्यांदाच हातात घेऊन, उजेडात धरून म्हणाली, "मम्मी, हे किती भारी आहे. मधलं हिरवं तर बघ, एक कडी दुसरीसारखी नाही. असलं ऑर्डर करून मिळत नाही." मी म्हटलं, मधली लड जरा खराब झालीये, काढून टाकू. ती म्हणाली, "तीच तर आजीची वाटते. बाकीची कुणीही करेल." मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, काय झालं? मी डब्याचं झाकण शोधायला लागले.

आज सकाळी तिला चुडा भरला. नणंदेने सगळं हौसेने केलं. कासारीण गमतीची होती, लेकीचा हात दाबून म्हणत होती, "हात हाय का लाकूड, सैल सोड की गो, नवऱ्याच्या हातात देताना पन असाच धरनार काय?" बायका हसत होत्या. मी आत पुऱ्या तळत होते. मला कुणी आत जा म्हटलं नव्हतं. कुणी म्हणण्याआधीच मी गेले होते. लेक दोनदा हाक मारून गेली, आणि दोन्ही वेळा मी तेल तापल्याचं सांगितलं.

दुपारी सगळे पडले होते तेव्हा तोरण घेऊन स्वैपाकघरात बसले. वाटलं होतं की लड सोडवून ठेवता येईल. पण तुझं काम तसं नाही. लडीची वरची कडी तोरणाच्या आडव्या पट्टीतल्या कडीत ओवून तू टोकं विरघळवून एक केली आहेस. सोडवायला गाठ नाही, फासा नाही. ती लड वेगळी करायची तर काच फोडावीच लागते. मी पक्कड घेतली आणि फोडली.

तोच आवाज, आई. एवढासा.

लड माझ्या तळहातावर पडली. तुझ्या हातातल्या त्या बांगड्या एकदा विहिरीमागे फुटल्या होत्या. आता पुन्हा फुटल्या, आणि या वेळी दगड माझ्या हातात होता. लड पुन्हा जागेवर जोडायची म्हणून फुटलेल्या कडीचे तुकडे वेचले, तर नवी कडी होण्याइतका एकही मोठा नव्हता. मग कपाट उघडलं. त्या अख्ख्या ठेवलेल्या बांगड्यांतली एक काढली, फडक्यात गुंडाळली आणि वरवंट्याने फोडली. कशासाठी अख्ख्या ठेवल्या होत्या, ते मला त्या क्षणी आठवेना.

मेणबत्तीवर काच ऐकायला फार वेळ लागतो. बोटं भाजली. पहिली कडी झाली ती सवयीने ओट्यावर ठेवली, आणि थंड ग्रॅनाइटवर ती टच् करून गेली. गॅसच्या घरात राख आणायची कुठून? खाली बांधकाम चाललंय तिथून मूठभर रेती आणली, तव्यावर कोमट केली आणि दुसरी कडी तिच्यात निवू दिली. ती टिकली. तुझ्यासारखी नाही झाली. जाड आहे, आणि सांध्यावरचा काळा डाग पुसूनही जात नाही.

संध्याकाळी मी स्टुलावर चढले, लेकीने स्टूल धरलं. नव्या चुड्याच्या बांगड्या स्टुलाच्या पायावर वाजत होत्या. तिने लगेच विचारलं, "ही वरची कडी वेगळी का?" मी म्हटलं, तुटली होती, जोडली. कुणी? मी. तिला फार आनंद झाला. म्हणाली, म्हणजे आता हे तुझंही झालं. तिला आज सगळं सांगायला हवं होतं. तू तांदूळ पाखडत जसं सांगितलंस तसं, हात न थांबवता. मला ते जमलं नाही. परवा ती या दारातून सासरी जाईल आणि ती लड तिच्याही केसांना लागेल, कारण ती बापासारखी उंच आहे.

हे तुला पोचणार नाही. पोचणार असतं तर पुढचं लिहिलं नसतं.

तोरण बांधून झाल्यावर बाहेरून कसं दिसतं ते बघायला लेक निघाली, तेव्हा मी तिचा दंड धरला आणि तिच्याआधी त्याच्याखालून गेले. त्या लडीत काही असलंच, तर ते माझ्यावर संपावं म्हणून. तिला वाटलं, मला घाई झालीये.