गाऱ्हाण्यात कुणाचं नाव

प्रिय आबा,

काल पालखी आपल्या दारात येऊन गेली. गेल्या शिमग्याला थांबली नव्हती, तुमच्या सुतकाचं वर्ष होतं. या वेळी काय झालं ते तुम्हाला कळवायला हवं, कारण वाद तुमच्याच जागेचा होता. आई कळवणार नाही. ती तुमच्या फोटोशी बोलत नाही. म्हणते, जिवंत असताना कुठं ऐकत होते!

सुरुवात मात्र कॉलेजातून करते. कंटाळू नका.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग आहे. खऱ्या जगातल्या वस्तू कॉम्प्युटरला समजावून सांगायच्या, असं धरून चाला. सर म्हणाले, आपापल्या गावातलं काहीतरी घ्या. महाडच्या मुलीने बाजारपेठ घेतली, मी आपल्या वाडीची पालखी. कुठल्या घरानंतर कुठलं घर, आणि दारात कुणाचं नाव घेऊन देवाला गाऱ्हाणं घालायचं, हे प्रोग्रॅमने सांगायचं.

आणि मी काय केलं असेल? क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे त्यातून निघालेली वस्तू. मी प्रत्येक घराला वेगळा साचा केला! आपली घरं एका साच्यातली कशी असतील? एकाला पहिल्या नारळाचा मान, एकाला खांद्याचा, एकाशी तर तुमचं बोलणंच नव्हतं. सर स्क्रीनकडे बघतच राहिले. "अगं, घर हा एकच क्लास. मान, नाव, सगळं त्याच्या आत भरायचं." मी निमूट पुसलं. पहिल्या मानवाल्यांना यातलं काही सांगितलेलं नाही.

मग नावं भरताना आपल्या घराच्या जागी हात आपोआप तुमचंच नाव लिहून गेला. लक्षात आल्यावर बदलायला गेले, तर प्रोग्रॅम चालेना. कर्त्याच्या नावाला मीच 'फायनल' लावून ठेवलं होतं, म्हणजे एकदा भरलं की बदलायचं नाही. सर हसून म्हणाले, "तुमच्या गावात माणसं मरत नाहीत का?" त्यांना माहीत नव्हतं. मी म्हटलं, मरतात सर. तो शब्द काढला आणि तुमचंही नाव काढलं. घर होतं तिथेच राहिलं, नुसती नावाची जागा रिकामी झाली. त्या दिवशी मी जेवले नाही, एवढंच.

तिथे कुणाचं नाव भरायचं? मी कॉलेजात अडले आणि सुट्टीला गावी, कापड्याला, आले तर देवळातल्या बैठकीत सगळी वाडी तिथंच अडलेली.

काका मुंबईहून आले होते. "आता माजं नाव घ्या. घर एकच हाय." खोटं नव्हते बोलत. पण गाऱ्हाण्यात ज्याचं नाव, घर त्याचं, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. उद्या चार कौलं बदलायची तर आईने मुंबईला फोन करून विचारायचं? बारा महिने त्या घरात चूल कोण पेटवतं?

बायका बैठकीत बसत नाहीत. मी देवळाच्या पायरीवरूनच म्हटलं, "आईचं घ्या."

"बाईमाणसाचं नाव? देवाम्होरं?" काका म्हणाले. "आन् तीबी..." पुढचं त्यांनी गिळलं. विधवा म्हणायचं होतं. मला राग आला आबा, फार आला. पण आवाज चढवला नाही. "घरात राहणाऱ्यासाठीच मागायचं ना देवाकडं? मग राहतंय कोण?"

गाऱ्हाणं घालणारे तात्या तंबाखू मळत राहिले. शेवटी म्हणाले, "पोरगी बोलते ता खोटं नाय. पन तुज्या आयशीचं नाव काय गो?"

कुणालाच येईना! काकांना नाही, पायरीवर माझ्याजवळ बसलेल्या शेजारच्या काकूलाही नाही. सगळ्यांची ती सुजीची आय. आणि तुमच्या तरी तोंडातून कधी निघालं? जन्मभर नुसतं "गो"! नाव घेतलं असतंत तर जीभ झिजली असती का? तुम्ही असताना हे मला कधी खटकलं नाही. आता खटकतंय, म्हणून आता रागावते.

नाव मीच सांगितलं.

काल पालखी दारात टेकली. तात्यांनी डोळे मिटून गाऱ्हाणं सुरू केलं. आपल्या घराशी आले तेव्हा क्षणभर अडखळले, आणि मग मोठ्यांदा म्हणाले, "ह्या घरची शेवंती, तिला न् तिच्या लेकीला सुखी ठेव." "होय महाराजा!" सगळे म्हणाले. काकांचे ओठ हलले, आवाज आला की नाही ते कळलं नाही.

आई पुढे आलीच नाही. मी आत धावले. मागच्या पडवीत पदर सावरून उभी होती, सगळं ऐकत. मला बघून हळूच विचारते, "कोन शेवंती गो?"

आबा, पुढच्या शिमग्याला तात्यांनी नाव घेण्याआधी मी तिला उंबऱ्यात आणून उभी करीन. आणि तोवर रोज एकदा तिला नावाने हाक मारीन. लेकीने आईला नावाने हाक मारायची म्हणजे ती चिडेलच. चिडू दे. ओ देईपर्यंत मारीन.

तुमची आणि शेवंतीची,
सुजी